अकराव्या गावाची काठी

माणसाला बोटं दहाच असतात, ही गोष्ट आमच्या हाउसमाइस्टरना फार अडचणीची होती. हाउसमाइस्टर म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस. जिन्यातला दिवा बदलायचा, कचऱ्याचे डबे रस्त्यावर न्यायचे, पाणी बंद होणार असेल तर सगळ्यांना कळवायचं. स्टुटगार्टच्या ज्या चढाच्या रस्त्यावर आम्ही भाड्यानं राहतो, तिथे ही कामं पंच्याहत्तरी ओलांडलेले एक पोलिश गृहस्थ करायचे. पोलंडच्या पूर्वेकडच्या कुठल्याशा कोपऱ्यात त्यांची ग्मिना होती. ग्मिना म्हणजे आपल्याकडची गटग्रामपंचायत, लहान लहान गावं आणि सगळ्यांची मिळून एक कचेरी. त्यांच्या ग्मिनेत गावं अकरा. कुणी विचारो न विचारो, ते एकेक बोट दुमडत ती मोजून दाखवायचे. दहा गावांत दोन्ही मुठी मिटायच्या आणि अकरावं, त्यांचं स्वतःचं गाव, बाहेर राहायचं. मग ते दोन्ही मुठी छातीशी नेऊन ते नाव हळूच घ्यायचे. मला ते नाव अजूनही नीट उच्चारता येत नाही.

त्यांच्या त्या गावाचे ते वीसबावीस वर्षं पाटील होते. पोलिश शब्द वेगळा आहे, पण माझ्या सासूबाईंना मी तो समजावून सांगितला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे पाटील की." तेव्हापासून आमच्या घरात ते पाटीलच. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा आल्या त्या दिवशी पाटलांनी डोक्यावरची टोपी काढली, वाकले आणि सासूबाईंच्या हाताचं चुंबन घेतलं. जुन्या पोलिश माणसांची ती बायकांना मान देण्याची रीत. सासूबाईंनी हात असा मागे घेतला की त्यांच्या बांगड्या दाराच्या कडीवर आपटल्या. घरात येऊन आधी हात धुतले आणि मग बराच वेळ सोफ्यावर बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जुन्या वळणाचा दिसतोय बिचारा." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटलांसाठी वाटीभर शिरा खाली पाठवला.

मला ते "फ्राऊ इंजिनिअर", म्हणजे इंजिनिअर बाई, म्हणायचे. मी ब्योब्लिंगेनला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, ते काही पूल बांधण्याचं काम नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. त्यांना ते पटलं नाही. शिकलेल्या माणसाला त्याच्या शिक्षणानं हाक मारायची असते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नवराही इंजिनिअर आहे, त्सुफेनहाउझेनला कंत्राटावर जातो, पण त्याला ते नुसतं "तुमचे यजमान" म्हणायचे. हे मला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आता काठीबद्दल सांगायला हवं. स्टुटगार्टकडच्या बिल्डिंगांमध्ये जिना झाडण्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी टांगतात, आठवडा संपला की ती पुढच्या दाराला जाते. पाटलांना ही पाटी मुळीच मान्य नव्हती. माणूस चोरासारखा येतो, पाटी अडकवतो आणि शेजाऱ्याचं तोंड न बघता निघून जातो, हे काय कळवणं झालं, असं ते म्हणायचे. त्यांच्या गावी निरोप काठीनं जायचा. छातीपर्यंत उंचीची, पांढरट लाकडाची, वरच्या टोकाला वाकडी काठी. टोकाखाली एक चीर, तिच्यात गुंडाळलेला कागद. पाटलानं कागद लिहायचा आणि काठी पहिल्या घरी द्यायची. त्या घरानं वाचून सही करायची आणि पुढच्या घरी न्यायची. कायदे तीन. काठी हातातून हातात द्यायची, दाराला टेकवून निघून जायचं नाही. काठीनं कुणाच्याही घरात रात्र काढायची नाही. आणि शेवटच्या घरानं ती पाटलाकडे परत आणून द्यायची. पोलंडहून येताना त्यांनी एक बॅग आणली होती आणि ही काठी. सुरुवातीची काही वर्षं शतावरीच्या शेतात मजुरी करतानाही ती त्यांच्या खोलीत होती म्हणे.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांनी ती सुरू केली तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली आणि पाठीमागे हसून घेतलं. मीही हसले. पण संध्याकाळी सातला बेल वाजून दारात खालच्या मजल्यावरचा तरुण भाडेकरू हातात काठी घेऊन ओशाळा उभा राहिला की त्याच्याशी दोन शब्द बोलावेच लागायचे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, तिसऱ्यावर बहुधा कुलूप असायचं, म्हणून ती घेऊन मी थेट चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या फ्राऊंकडे जायची. त्यांचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना दार उघडायला पाच मिनिटं लागायची आणि सोडायला वीस. तीन वर्षांत मला या बिल्डिंगमधली माणसं कळली ती त्या काठीमुळे, हे मी हसणं थांबवल्यावर माझ्या लक्षात आलं.

रविवारी दुपारी ते खसखशीचा केक घेऊन यायचे आणि मला त्यांच्या ग्मिनेची माहिती टाइप करायला बसवायचे. पंचायतीनं छापलेलं एक घडीचं पत्रक त्यांच्याकडे होतं. त्यात क्षेत्रफळ, जंगल, चर्च, शाळा, बंब असं सगळं होतं. ते त्यांना अजिबात पसंत नव्हतं. "यात माणूस कुठे आहे?" असं विचारून ते स्वतःची माहिती सांगायला लागायचे. पहिलं गाव, विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव, तिसऱ्या घराचा कुत्रा उगाच भुंकतो, चावत नाही. चौथं गाव, करकोच्यांची घरटी दोन, त्यातलं एक शाळेच्या धुराड्यावर, म्हणून तिथे मार्चनंतर शेगडी पेटवत नाहीत. सातव्या गावात आलुबुखारे चांगले, पण माणसं भांडकुदळ. मी जर्मनमध्ये टाइप करायची, सासूबाई शेजारी बसून सगळं मराठीतून विचारून घ्यायच्या आणि भांडकुदळ गावाबद्दल जास्त माहिती मागायच्या. प्रत्येक गावाची शेवटची ओळ मात्र एकच असायची, "काठी बंद." आता पंचायतीकडून फोनवर मेसेज येतात, काठी कुणी फिरवत नाही. ते ही ओळ सांगताना खिडकीबाहेर बघायचे.

दहा गावं झाली. अकराव्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "ते नंतर." असे सहा रविवार गेले.

फेब्रुवारीत त्यांनी टोपीच्या अस्तरातून एक पत्र काढून मला दाखवलं. भाषांतराच्या ॲपवर फोटो काढून मी ते वाचलं. अकराव्या गावात आता फक्त तीन माणसांची कायमची नोंद होती. पंचायत ते शेजारच्या गावात मिळवून टाकणार होती. रस्त्यावरची नावाची पाटी निघणार, यादीत गावं दहा राहणार. मात्र नोंद असलेल्या सगळ्यांनी मिळून सह्यांचा अर्ज केला तर पंचायत फेरविचार करणार होती. तीन माणसं म्हणजे त्यांची थोरली बहीण, समोरच्या घरातला एक म्हातारा, आणि बहिणीच्या घरात अजून भाड्यानं राहत असलेला एक लाकूडतोड्या. तो लाकूडतोड्या एप्रिलमध्ये जाणार होता. तो गेला की दोनच उरणार, आणि दोन माणसांचं गाव पंचायत धरत नाही.

मी उत्साहानं म्हटलं, की तुम्ही इथलं आबमेल्डुंग करा, म्हणजे इथली नोंद काढून टाका आणि तिथे करा, झाले की तीन. एका फॉर्मचं काम आहे, मी भरून देते. त्यांनी पत्र परत टोपीत ठेवलं. जाऊ शकत नाही म्हणाले. पेन्शन, डॉक्टर, नोकरी, मी एकेक विचारत गेले आणि ते प्रत्येकाला नाही म्हणत गेले. मग कारण काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मला राग आला. इतकी वर्षं बोटं मोजून दाखवता आणि वेळ आली की एक फॉर्म भरवत नाही, असं मी नवऱ्याजवळ बोललेसुद्धा.

मग पाडवा आला. पाडवा शुक्रवारी होता आणि मी सासूबाईंना म्हटलं, की आपण शनिवारी गुढी उभारू, आम्ही दोघं घरी असू. "पाडवा पुढे ढकलायला ती काय तुझी मीटिंग आहे?" त्या म्हणाल्या. गाठी आणि वाळवलेली कडुलिंबाची पानं त्यांनी पुण्याहून बॅगेत आणली होती. काठी तेवढी नव्हती. नवऱ्यानं हार्डवेअरच्या दुकानातून आणतो असं सांगितलं आणि नेहमीप्रमाणे विसरला. आम्ही दोघं साडेसहाला कामावर गेलो.

आदल्या संध्याकाळी पाटलांनी काठी सोडली होती. शुक्रवारी सकाळी नऊ ते चार पाणी बंद, असा निरोप होता. पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूनं ती रात्रभर घरात ठेवली आणि सकाळी कामावर जाताना आमच्या दाराला टेकवून तो निघून गेला. दोन कायदे त्यानंच मोडले. सासूबाईंनी उंबऱ्याशी रांगोळी काढायला दार उघडलं तर समोर काठी. संध्याकाळी सातला त्या आतल्या खोलीत मालिका बघत असायच्या, म्हणून पाटलांची काठी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मुलगा विसरला नव्हता, जाताना दारात ठेवून गेला होता, असंच त्यांना वाटलं. नंतर हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला, इतका त्यांना त्या क्षणी आनंद झाला होता. काठी बुटकी आणि वाकडी होती, म्हणून त्यांनी ती उलटी धरली. सरळ टोक वर, त्याला जरीचा खण, कडुलिंब, गाठी, वर तांब्या पालथा. बाल्कनीच्या कठड्याला घट्ट बांधली. चिरेतला कागद दुकानाची पावती असेल म्हणून ड्रॉवरमध्ये जपून ठेवला. नऊ वाजता पाणी गेलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण पुण्याच्या सवयीनं त्यांनी उठल्याउठल्या बादली आणि दोन पातेली भरून ठेवली होती.

तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब सुट्टीवर गेलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्राऊ मात्र अंघोळीत होत्या. डोक्याला साबण आणि नळ कोरडा. थंडीत तशाच बसून त्यांनी पाटलांना फोन केला. पाटलांनी शेजारच्या बिल्डिंगमधून दोन बादल्या भरून चार मजले चढवल्या. सासूबाईंनी त्यांना जिन्यात दम खात थांबलेलं पाहिलं आणि एक बादली स्वतः उचलली. पाणी असं का न्यावं लागतंय ते त्यांना माहीत नव्हतं. काठी कुठे अडली ते पाटलांना मात्र तोवर माहीत झालेलं असणार, कारण अंगणातून आमची बाल्कनी सरळ दिसते.

मी सहाला परत आले. रस्त्यावरूनच मला गुढी दिसली, आणि गुढीखाली ओळखीचं वाकडं टोक. पळत आत गेले तर जिन्यात माणसं जमली होती. फ्राऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांचा एकच प्रश्न होता, काठी कुणाच्या घरात राहिली? पहिल्या मजल्यावरचा भाडेकरू बुटांकडे बघत होता. मी तोंड उघडलं, आणि पाटलांनी माझ्याकडे बघून मान अगदी थोडी हलवली. मग ते फ्राऊंकडे वळले.

"माझ्याकडेच राहिली," ते म्हणाले. "मी सोडायला विसरलो."

फ्राऊ त्यांना पुष्कळ बोलल्या. काठीचं खूळ बंद करा, कागद चिकटवत जा, वय झालंय तुमचं. ते टोपी हातात धरून ऐकत राहिले. मी गप्प बसले. बोलायला दोन वाक्यं लागली असती, आणि मला जर्मन येतं. तरी मी गप्प बसले, कारण माणसांसमोर कमीपणा घ्यायची माझी तयारी नव्हती. याची मला अजून लाज वाटते.

जेवताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "त्यांनी आपल्यावरचं स्वतःवर घेतलं आणि तू ऐकून घेतलंस?"

"अहो आई, त्यांनीच मला खुणेनं..."

"खुणेनं काय. मला बोलवायचं होतंस."

शनिवारी सकाळी त्यांनी धुतलेली साडी नेसली, ड्रॉवरमधला कागद काठीच्या चिरेत परत घातला, श्रीखंडाचा डबा घेतला, काठी घेतली आणि जिना चढायला लागल्या. गुडघ्यांमुळे त्या एक पायरी चढून दुसरा पाय त्याच पायरीवर आणतात. मी मागून भाषांतर करायला. तिसऱ्या मजल्यावर पाटील दिव्याचा बल्ब बदलत होते. त्यांच्या बाजूनं आम्ही वर गेलो. दार उघडायची पाच मिनिटं वाट बघितली. दार उघडल्यावर सासूबाईंनी काठी फ्राऊंच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "सांग त्यांना. काठी मी घेतली. माझी चूक. पाटलांची नाही. मला माहीत नव्हतं, पण चूक माझीच."

मी सांगितलं. फ्राऊंनी काठीकडे बघितलं, सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि आम्हाला आत घेतलं. त्यांनी सही केली, शिळ्या निरोपावर. श्रीखंड त्यांना फार गोड वाटलं, पण त्यांनी संपवलं. आम्ही खाली उतरलो तेव्हा पाटील शिडीवर नव्हते. पायरीवर बसले होते. बल्ब मांडीवर होता.

दुपारी ते आमच्याकडे आले, केकशिवाय. सासूबाईंनी चहा ठेवला. अकराव्या गावाबद्दल त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

त्या गावात एक शाळा होती. समोरच्या घरातली बाई तिथे शिकवायची. पंचायतीला शाळा बंद करायची होती आणि त्यावर गावाचा कौल घ्यायला सभा बोलावली होती. पाटलांनी निरोप लिहिला, कागद काठीत घातला आणि काठी शेगडीजवळ ठेवली. बटाटे काढायचे दिवस होते. उद्या देऊ, म्हणाले. उद्या पाऊस होता. काठी तीन रात्री त्यांच्या घरात राहिली. सभेला चारच माणसं आली, आणि गावाला शाळेची गरज दिसत नाही, असं पंचायतीनं लिहून टाकलं. शाळा गेली, तशी मुलं असलेली घरं एकेक करून गेली.

"आळस, फ्राऊ इंजिनिअर. दुसरं नाव नाही त्याला. पण तेवढंच असतं तर मी गावी तोंड दाखवलं असतं." त्यांनी कप खाली ठेवला. "लोकांनी विचारलं, काठी कुणाकडे अडली? मी म्हटलं, समोरच्या घरी. समोरचा म्हणाला, माझ्याकडे आलीच नाही. पण पाटील मी होतो. सगळ्यांनी माझं खरं मानलं. शिक्षिकेच्या नवऱ्यानंच शाळा घालवली, असं लोक म्हणायला लागले. ती बाई वारली. तिनं नवऱ्याचं खरं मानलं की माझं, ते मला माहीत नाही."

मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी पाटलांच्या कपात पुन्हा चहा ओतला.

"तुमच्या सासूबाई त्या गुडघ्यांनी दोन मजले चढल्या," पाटील म्हणाले. "मला एक रस्ता ओलांडायचा होता."

सोमवारी त्यांनी आबमेल्डुंगचा फॉर्म मागितला. मी भरला. कुठे जाणार या रकान्यात अकराव्या गावाचं नाव मी एकेक अक्षर बघून लिहिलं आणि त्यांनी सही केली. दोन आठवड्यांत त्यांनी खोली रिकामी केली. निघताना सासूबाईंनी आपणहून हात पुढे केला. त्यांनी टोपी काढली आणि वाकले. बॅग एका हातात, काठी दुसऱ्या हातात, असे ते उतारावरून एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनकडे गेले. आमच्या जिन्यात पुन्हा पाटी आली. चौथ्या मजल्यावरच्या फ्राऊ मला विचारतात, की तुम्ही हल्ली वर का येत नाही. मी जाते. पण कारण शोधावं लागतं.

जूनमधल्या एका रविवारी त्यांचा फोन आला. आधी त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्या पुण्याला परत गेल्यात, हे मी सांगितलं. मग अर्ज पोचला, नाव यादीत राहिलं, एवढं त्यांनी एका वाक्यात उरकलं. म्हणजे सही झाली, मी म्हटलं. हो, म्हणाले, आणि सांगायला लागले.

गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते काठी घेऊन समोरच्या फाटकाशी उभे राहिले. कागदावर सगळं खरं लिहिलं होतं आणि खाली अर्ज. समोरच्यानं खिडकीतून बघितलं, पण तो बाहेर आला नाही. काठी फाटकाला टेकवून येता आली असती, बहीण तेच सांगत होती. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. रोज सकाळी आठ ते साडेआठ. पाऊस असला तरी. तिसऱ्या आठवड्यात समोरचा फाटकापर्यंत आला. त्यांनी तोंडानं सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, काठी हातात घेतली आणि एक शब्द न बोलता घरात गेला. आता ती चुलीत जाणार, बहीण म्हणाली.

"संध्याकाळ व्हायच्या आत आमची बेल वाजली," ते म्हणाले. "आमची बेल वाजत नाही, फ्राऊ इंजिनिअर. लाकूडतोड्या गेला, बहीण घरात, मी घरात. वाजवणार कोण? मी दार उघडलं. तो उभा होता, काठी घेऊन. कागदावर सही होती. म्हणाला, शेवटचं घर माझं आहे, परत आणून द्यायची असते."

 मग त्यांनी कॉम्प्युटर सुरू आहे का, असं विचारलं. मी सुरू केला. ती फाइल उघडली.

"लिहा," ते म्हणाले. "अकरावं गाव. घरं उघडी दोन. माणसं तीन. विहीर एक, पाणी गोड. शाळा नाही, पाटलाच्या चुकीमुळे. हे असंच लिहा." ते थांबले. मी टाइप करून वाट बघत राहिले. "शेवटची ओळ. काठी चालू."